पनवेल सुटते, अलिबाग अडकते : लहान-मोठ्या अक्षरांचा इतिहास

रेल्वेच्या दफ्तरी पनवेल स्थानकाची खूण रोमन लिपीतल्या चार अक्षरांची आहे : पी, एन, व्ही, एल. चारही अक्षरे मोठी. अशा संक्षेपांची सवय तारायंत्राच्या काळातली. मोर्सच्या कट्ट-कडकट्टमध्ये लहान आणि मोठे अक्षर असा भेदच नव्हता. तीच चार अक्षरे लहान लिपीत लिहिली, तर माणसाच्या लेखी ते पनवेलच राहते. यंत्राच्या लेखी मात्र तसे नाही.

हा भेद छापखान्यातून आला. युरोपातले जुळारी मोठ्या अक्षरांचे खिळे वरच्या खणपेटीत ठेवीत, लहान अक्षरांचे खालच्या. इंग्रजीतली त्यांची नावे तिथूनच पडली. मराठी लिपीला हे दुहेरीपण कधी लाभले नाही. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले, तेव्हा त्यात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत असे. एका स्तंभात वाक्यारंभी मोठे अक्षर, दुसऱ्यात सारी अक्षरे एकाच मापाची.

संगणकासाठी १९६३ साली अमेरिकेत ‘आस्की’ ही संकेतावली ठरली. त्या पहिल्या आवृत्तीत लहान अक्षरे नव्हतीच. ती १९६७ च्या सुधारणेत आली. मोठ्या ‘ए’ला ६५, लहान ‘ए’ला ९७. प्रत्येक जोडीत अंतर ३२ चे, म्हणजे एकाच बिटाचे. या एका बिटामुळे यंत्राला दोन्ही अक्षरे परकी वाटतात.

गणनसूचीचा, अर्थात ‘एनम’चा प्रश्न इथेच उभा राहतो. रायगड जिल्ह्यात तालुके १५, सोळावा नाही. अशी बंदिस्त यादी आज्ञावलीत आधीच नोंदवून ठेवता येते. निक्लाउस वर्थ यांच्या १९७० च्या पास्कल भाषेत ही सोय होती, जावात ती २००४ साली आली. पास्कल लहान-मोठे अक्षर एकच मानते, जावा मानत नाही. यादीत नाव मोठ्या अक्षरांत असेल आणि अर्जात लहान अक्षरांत आले, तर जावा त्रुटी दाखवून थांबते. पनवेलचा रहिवासी जणू कोणत्याच तालुक्याचा उरत नाही.

मग आलेला मजकूर आधी मोठ्या अक्षरांत बदलून पाहावा, हा उपाय सर्वांना सुचतो. तो बहुतेक वेळा चालतो. तुर्कस्तानात मात्र फसतो. तुर्की लिपीत टिंबवाला आणि बिनटिंबाचा असे दोन ‘आय’ आहेत. यंत्राची भाषा तुर्की असेल, तर लहान ‘आय’चे मोठे रूपही टिंबासह येते. रोमन पनवेलात ‘आय’ नाही, म्हणून ते सुटते. अलिबागेत आहे, म्हणून ते अडकते. यावर इलाज असा की रूपांतर करताना भाषानिरपेक्ष नियम मागावा, किंवा अक्षरभेद न मानणारी तुलनाच वापरावी.

देवनागरीत हा घोळ नाही, असे समाधान मानण्याची घाई मात्र नको. ‘ॲ’साठी युनिकोडात स्वतंत्र संकेत २००८ साली आला, तोवर ‘अ’वर चंद्र देऊन काम भागत असे. आजही दोन्ही रूपे टंकली जातात, दिसतात सारखी, पण यंत्र ती भिन्न समजते, आणि युनिकोडचे अधिकृत प्रमाणीकरणही त्यांना एक करत नाही. कऱ्हाडातला अर्धा ‘ऱ’ही असाच दोन वाटांनी लिहिता येतो : एक ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षरातून, दुसरी साध्या ‘र’ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह देऊन. तालुक्यांची यादी एका वाटेने भरलेली आणि अर्ज दुसऱ्या वाटेने टंकलेला असला, तर कऱ्हाडकराचा अर्ज परत येतो. आणि पडद्यावर दोन्हीकडे ‘कऱ्हाड’ हेच दिसत असल्याने चूक कुठे झाली, हे कारकुनालाही सांगता येत नाही. इथे लहान-मोठे एक करणारी तयार आज्ञा कामाला येत नाही. समरूप संकेतांची जोडयादी मराठी जाणणाऱ्यानेच बनवावी लागते, आणि ती तुलनेच्या आधी चालवावी लागते.