घोरणे थांबले, तरी तपासणी हवीच

रात्री मोठमोठ्याने घोरणारा माणूस मध्येच एकदम शांत होतो. घरच्यांना हायसे वाटते. वास्तविक धोका त्या शांततेतच असतो. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग बंद होतो, रक्तातील प्राणवायू घटतो आणि मेंदूला खडबडून जागे होऊन श्वास पुन्हा सुरू करावा लागतो. या विकाराला ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया’ म्हणतात. दहा सेकंद वा अधिक काळ टिकणारे असे अडथळे तासाला पाचपेक्षा कमी असतील, तर काळजीचे कारण नसते. १५ ते ३० असल्यास आजार मध्यम आणि ३० च्या वर गेल्यास तीव्र समजला जातो.

स्थूलता हे या विकाराचे एक प्रमुख कारण. चरबी मानेभोवती साठते, तशीच ती जिभेतही साठते. पोटावरची चरबी छातीचा पडदा वर ढकलते आणि फुप्फुसांना जागा अपुरी पडते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथील पाहणीच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, वजन दहा टक्क्यांनी घटले की श्वासातील अडथळे सुमारे २६ टक्क्यांनी कमी होतात. साहजिकच, स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी वा गॅस्ट्रिक बायपाससारख्या शस्त्रक्रियांनी वजन झपाट्याने उतरल्यावर झोपही सुधारावी, ही अपेक्षा रास्त ठरते.

ती बऱ्याच अंशी पूर्णही होते. अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २००४ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा सुमारे ८६ टक्के रुग्णांचा स्लीप अ‍ॅप्निया नाहीसा झाल्याचे त्यात नमूद होते. या आकड्याने बराच उत्साह निर्माण केला. मात्र त्या अभ्यासांत प्रत्येकाची झोपचाचणी पुन्हा झाली होतीच, असे नाही. शस्त्रक्रियेआधी आणि नंतर चाचणी झालेल्या ३४२ रुग्णांचा आढावा २००९ मध्ये घेण्यात आला, तेव्हा चित्र काहीसे वेगळे दिसले. तासाला सरासरी ५४.७ अडथळे होते, ते १५.८ वर आले. घट मोठीच, पण १५.८ म्हणजेही मध्यम आजारच! ऑस्ट्रेलियात ६० रुग्णांवर झालेल्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पोटाला पट्टा बसवलेल्यांचे वजन सरासरी २७.८ किलोंनी, तर आहार व औषधोपचार घेणाऱ्यांचे ५.१ किलोंनी घटले. तरीही अडथळ्यांच्या संख्येत दोन्ही गटांमध्ये निर्णायक फरक आढळला नाही. जबड्याची ठेवण, टॉन्सिल्स आणि वाढते वय यांवर वजनाच्या शस्त्रक्रियेची मात्रा चालत नाही.

अडचण येते ती इथेच. घोरणे कमी होते, दिवसाची पेंग जाते आणि रुग्ण आपले सी-पॅप यंत्र माळ्यावर टाकतो. श्वासमार्ग हवेच्या दाबाने उघडा ठेवणारे हे यंत्र परस्पर बंद करणे धोक्याचे असते. वजन उतरताना मुखवटा सैल होतो, हवेचा दाबही बदलावा लागतो. त्यासाठी डॉक्टरांकडे जावे. वजन स्थिरावल्यावर झोपचाचणी पुन्हा करावी आणि यंत्राचा निर्णय तिच्या निष्कर्षावर सोडावा. वजन पुन्हा वाढू लागले, तर आजारही परतू शकतो.

शस्त्रक्रियेपूर्वीची तपासणीही तितकीच महत्त्वाची. निदान न झालेला स्लीप अ‍ॅप्निया असेल, तर भुलीची औषधे आणि तीव्र वेदनाशामके श्वास अधिकच मंदावतात. म्हणून घोरण्याचा इतिहास भूलतज्ज्ञांपासून लपवू नये.

एरवी लाभ थोडेथोडके नाहीत. उच्च रक्तदाब आणि मधुमेह पुष्कळदा आटोक्यात येतात, औषधे घटतात. उलट बाजूस, स्लीव्हनंतर काहींची आम्लपित्ताची जळजळ वाढून रात्रीची झोप मोडते. लोह आणि ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता उद्भवू शकते. शाकाहारींनी याकडे विशेष लक्ष द्यावे.

अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये टिर्झेपटाइड या इंजेक्शनला, स्थूल व्यक्तींमधील मध्यम ते तीव्र स्लीप अ‍ॅप्नियासाठी मान्यता मिळाली. त्यामुळे शस्त्रक्रियेला एक पर्याय पुढे आला आहे. झोपचाचणी मात्र त्या वाटेनेही चुकत नाही.