रांगेची व्याख्या नक्की कुणाकडे?

‘सॉफ्टवेअर एकत्रीकरण’ या विषयावरचे पेपर वाचायला घेतलेत की ‘मेसेज क्यू’ पानोपानी भेटते. पण ही क्यू पुन्हा पुन्हा वापरता येणारी सेवा कशी झाली, ते बहुतेक पेपर एका वाक्यात उरकतात. लिटरेचर रिव्ह्यू लिहिताना नेमकी तिथेच गफलत होते, म्हणून जरा मागे जाऊ.

आधी गणित बघा. १० प्रणाली एकमेकींशी थेट जोडायच्या तर ४५ जोडण्या; २० असतील तर १९०. शिवाय समोरची प्रणाली बंद असली की निरोप अडलाच. मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांच्या टेक्नेक्रॉन कंपनीने १९८० च्या दशकात शेअर व्यवहारांसाठी ‘इन्फर्मेशन बस’ आणली. पाठवणाऱ्याने फक्त विषयाचं नाव द्यायचं, ज्याला हवं त्याने ऐकायचं. कोण ऐकतंय याची चौकशी नाही. (तिच्यावरचा १९९३ च्या एसओएसपी परिषदेतला पेपर आजही छान वाचवतो.)

त्याच वर्षी आयबीएमने एमक्यूसिरीज आणली, आणि माझ्या मते खरा मुद्दा इथे आहे. प्रोग्रॅम क्यू उघडतो ती केवळ नावाने. ते नाव म्हणजे याच मशीनवरची क्यू आहे, दुसऱ्या क्यूचं टोपणनाव आहे, की दूरच्या मशीनवरच्या क्यूकडे बोट दाखवणारी नोंद, हे क्यू मॅनेजरमधली व्याख्या ठरवते. उद्या क्यू दुसऱ्या शहरात हलवली तर ॲडमिननं व्याख्या बदलायची. कोडला हात लावायचा नाही. एकच व्याख्या मग पगाराची प्रणालीही वापरते आणि गोदामाचीही.

१९९८ मध्ये जावाचं जेएमएस आलं. त्यानेही क्यू आणि कनेक्शनची माहिती कोडबाहेर, ॲडमिनच्या हाती ठेवली. मात्र इथे एक फरक पक्का लक्षात ठेवा: जेएमएसने प्रमाणित केली ती हाक मारायची पद्धत, तारेवरून जाणारे बाइट्स नाहीत. दोन कंपन्यांचे ब्रोकर जेएमएस ‘पाळत’ असूनही एकमेकांशी बोलतीलच असं नव्हतं.

हे दुखणं मोठ्या बँकांना जास्त जाणवलं. २००३ मध्ये जेपी मॉर्गन चेसमध्ये जॉन ओहारा यांनी एएमक्यूपीचं काम सुरू केलं, ते बाइट्स प्रमाणित करायलाच. सुरुवातीच्या आवृत्त्यांत एक्स्चेंज, क्यू आणि त्यांना बांधणारं बाइंडिंग या तिन्हींची व्याख्या प्रोटोकॉलमधूनच करता येई. २००७ मध्ये आलेल्या रॅबिटएमक्यूने हेच मॉडेल उचललं.

२०१२ च्या एएमक्यूपी १.० मधून मात्र हे मॉडेल गाळलं. निरोप कसा न्यायचा एवढंच तिथे उरलं. क्यूची व्याख्या पुन्हा ब्रोकरवर सोपवली. तेव्हा एखाद्या पेपरात नुसतं ‘एएमक्यूपी वापरलं’ असं दिसलं, तर आवृत्ती कोणती ते आधी शोधा.