आमगावचा पाषाण आणि दगडावरची अक्षरे

नागपुराहून हावड्याकडे जाणाऱ्या आगगाडीने गोंदिया मागे टाकले म्हणजे थोड्याच वेळात आमगावचे स्टेशन लागते. सभोवती भाताची शेते. प्रवाशाने मुद्दाम उतरून पाहावे असे तेथे काही आहे, असे सहसा कोणास वाटत नाही. परंतु भूगर्भशास्त्राच्या ग्रंथांत ह्या गावाच्या नावास मान आहे. ह्या टापूतील अतिप्राचीन खडकास शास्त्रज्ञ ‘आमगाव पट्टिताश्म’ म्हणतात. पट्टिताश्म म्हणजे बहुधा ग्रॅनाइटच्याच घटकांचा, पण पृथ्वीच्या पोटातील दाबाने व उष्णतेने ज्याच्या कणांचे पट्टे पडले आहेत, असा खडक. दरेकसा ओलांडून गाडी पूर्वेस गेली, की ज्या डोंगरावर बमलेश्वरीचे देऊळ आहे तो डोंगरगडचा डोंगर दिसतो. तो अस्सल ग्रॅनाइटाचा असून त्याचे वय सुमारे 250 कोटी वर्षे मानितात.

ह्या मानाने आपला सह्याद्री अगदीच पोरवयाचा. त्याचा काळा पाषाण सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठावर लाव्हा पसरून झाला. तो लवकर थिजला, म्हणून त्याचे कण बारीक. ग्रॅनाइटाचा शिलारस मात्र जमिनीखाली खोल, अतिशय सावकाश निवत गेला. त्यामुळे गारगोटी, फेल्स्पार व अभ्रक यांचे स्फटिक डोळ्यांस दिसण्याइतके वाढून एकमेकांत घट्ट गुंतले. ह्या गुंफणीतच त्याचे बळ आहे, आणि शिल्पकाराची अडचणही तीच. बेलूर-हळेबीडच्या मऊ दगडात जी नाजूक वेलबुट्टी उमटली, ती ग्रॅनाइटात काढणे महाकठीण. येथे छिन्नीस थोडकेच, पण ठाम बोलावे लागते.

असे थोडके व ठाम बोलणे मराठी भाषेच्याही वाट्यास आले आहे. मात्र ते आमगावी नव्हे, तर दूर कर्नाटकात. श्रवणबेळगोळच्या टेकडीवर गोमटेश्वराची सुमारे 57 फूट उंचीची मूर्ती आहे. गंग राजाचा मंत्री चामुंडराय याने इ. स. 981च्या सुमारास ती डोंगराच्याच ग्रॅनाइटातून कोरविली. तिच्या पायांपाशी ‘श्रीचावुंडराजें करवियलें’ अशी ओळ आहे, आणि भोवतीचा प्राकार गंगराजाने बांधविल्याचे सांगणारी दुसरी. मराठीचे पहिले वाक्य म्हणून पहिली ओळ कित्येक पिढ्यांनी पाठ केली. पुढे संशोधकांनी ह्या ओळी इ. स. 1117च्या सुमाराच्या ठरविल्या, आणि वडीलपणाचा मान अलिबागजवळील आक्षीच्या शके 934च्या लेखाकडे गेला. वाद झाला तो काळाविषयी. अक्षरे मात्र उघड्या आकाशाखाली नऊशे वर्षे लोटूनही वाचता येतात.

म्हणून ग्रॅनाइट अमर आहे असे मात्र कोणी समजू नये. पावसाच्या किंचित आम्ल पाण्याने फेल्स्पारची हळूहळू माती होते, ऊन-थंडीने खडकाचे पापुद्रे सुटतात, आणि दगडात मुरलेला क्षार तर आतूनच कण उचकटतो. ईजिप्तमधील तांबड्या ग्रॅनाइटाचा एक स्तंभ तीन हजार वर्षांहून अधिक काळ त्या देशी राहिला. 1881 साली तो न्यूयॉर्कच्या उद्यानात उभा केला, आणि काही वर्षांतच त्याच्या खपल्या निघू लागल्या. पूर्वी शतकानुशतके ओल्या मातीत पडून त्याने क्षार शोषला होता. नव्या देशीच्या दमट हवेने व हिमाने त्या क्षारास वाव दिला. 1885 साली त्यास पॅराफिनचे मेण चोपडताना शेकडो पौंड खपल्या काढाव्या लागल्या. दगडाचे आयुष्य केवळ त्याच्या जातीवर नव्हे, तर स्थळावर आणि निगेवरही अवलंबून असते, ते असे.

हा विचार आज आपल्या दाराशी आला आहे. गावोगावच्या चौकांत हुतात्म्यांची व जवानांची स्मारके उभी राहतात. विटांच्या चौथऱ्यास चकचकीत ग्रॅनाइटाची पातळ फरशी डकवितात, आणि नावे बहुधा उथळ कोरून सोनेरी रंगाने भरितात. बाजारात ज्यास काळा ग्रॅनाइट म्हणतात तो शास्त्रदृष्ट्या बहुधा ग्रॅनाइट नसतोच; तरी तोही टिकाऊ खडक आहे, तेव्हा उणीव दगडात नाही. फरशीमागचा चुना-सिमेंट पाणी पितो, सांधे सुटतात, रंग उडतो, आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला ते नावच आधी पुसते. चामुंडरायाच्या ओळीस रंगाचा आधार नव्हता. छिन्नीची खोली होती.

ज्या भूमीने 250 कोटी वर्षांचा पाषाण सांभाळिला, तिच्या लेकरांची नावे निदान शंभर वर्षे तरी वाचता यावीत, एवढी अपेक्षा काही फार नव्हे. दगड आपले काम करील. अक्षर खोल कोरणे तेवढे आपल्या हाती आहे.