तार आणि बिनतारी

विटा हें खानापूर तालुक्याचें ठाणें पूर्वीं सातारा जिल्ह्यांत होतें. १९४९ सालीं तें दक्षिण साताऱ्यांत गेलें आणि १९६० सालीं त्याच जिल्ह्यास सांगली हें नांव मिळालें. या भागांतील कुटुंबें सोनें-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठीं देशभर पांगलीं. अशा घरांत ‘तार’ दोन प्रकारची. एक सोनें ओढून केलेली. दुसरी दूरच्या शहरांतून शिपायाच्या हातीं आलेली. पहिलीनें घर शोभे. दुसरी फोडण्यापूर्वींच घरच्यांच्या तोंडचें पाणी पळे.

हिंदुस्थानांत तारेचा पहिला प्रायोगिक मार्ग १८५० सालीं कलकत्ता ते डायमंड हार्बर असा झाला; १८५५ सालीं तारखातें सर्वांस खुलें झालें. यंत्र परकें खरें, परंतु नांवासाठीं मराठी माणूस कोशकाराची वाट पाहत बसला नाहीं. खांबावर दिसली ती तार, तिच्यावरून आलेला निरोपही तारच, आणि तो देणारी कचेरी तें तारघर. पुढें तारेवांचून निरोप जाऊं लागला, तो ‘बिनतारी’.

पंडितांच्या शब्दांचें नशीब निराळें. दाते-कर्वे यांचा ‘शास्त्रीय परिभाषा कोश’ १९४८ सालीं निघाला. त्या परिश्रमांचें मोल मोठें. तरीही ‘दूरध्वनी’ छापील कागदावर रुळला, आणि बोलण्यांत फोनच राहिला. ‘आंतरजाल’ याचीही तीच गत.

१४ जुलै २०१३ हा तारसेवेचा शेवटचा दिवस. तार गेली, पण पोलिसांच्या संदेशयंत्रास लोक अजून बिनतारीच म्हणतात. आतां विट्याच्या घरांत ‘रेंज’ येते आणि जाते. इंग्रजींत हा शब्द टप्पा दाखवितो. येणारी-जाणारी तिला मराठी बोलण्यानेंच केलें.