विद्यापीठाच्या वेशीबाहेरचा वर्ग

शिक्षणाने माणूस शहाणा होतो, असे आपण मानतो. परंतु ते शहाणपण कोणाच्या कामी येते, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. कॅथलिक विद्यापीठांपुढे हा प्रश्न कसा उभा राहिला, याचा मागोवा घेताना आपल्याला तीन देशांत डोकावावे लागते.

३१ जुलै १९७३, संत इग्नेशियसचा सण. स्पेनमधील वॅलेन्सिया येथे येशूसंघीय शाळांच्या युरोपमधील माजी विद्यार्थ्यांची परिषद भरली होती. संघाचे प्रमुख फादर पेद्रो आरुपे बोलण्यास उभे राहिले. १९४५ साली हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला, तेव्हा नवशिष्यालयाचे रुग्णालय करून त्यांनी जखमींची शुश्रूषा केली होती. आम्ही तुम्हाला न्यायासाठी घडवले काय, असा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला आणि उत्तर नकारार्थी दिले. इतरांसाठी जगणारी माणसे घडवणे हेच आपल्या शिक्षणाचे ध्येय असले पाहिजे, असे त्यांनी बजावले. समोरच्या प्रतिष्ठित मंडळींपैकी अनेकांना ते रुचले नाही. पुढे १९७४-७५ च्या महासभेत येशूसंघाने श्रद्धेची सेवा आणि न्यायाचा पुरस्कार यांची सांगड घातली.

मध्य अमेरिकेतील एल साल्वाडोर या चिमुकल्या देशात १९६५ साली स्थापन झालेल्या कॅथलिक विद्यापीठाने ही सांगड अक्षरशः अंगीकारली. त्याचे कुलगुरू फादर इग्नासिओ एयाकुरिआ यांच्या मते विद्यापीठाने दानधर्माचे केंद्र होऊ नये. अभ्यास, अध्यापन आणि लेखन या स्वतःच्या साधनांनीच गरिबांची बाजू घ्यावी. मानसशास्त्रज्ञ फादर इग्नासिओ मार्टिन-बारो यांनी १९८६ साली लोकमत अजमावणारी संस्था उभारली. आठवड्याच्या अखेरीस ते हायाके गावच्या धर्मग्रामात सेवा करीत. यादवीच्या त्या काळात सत्य मोजून मांडणे हाच गुन्हा ठरला. १६ नोव्हेंबर १९८९ च्या पहाटेपूर्वी लष्कराच्या जवानांनी या दोघांसह सहा येशूसंघीयांची हत्या केली. सुरक्षित म्हणून तेथे आश्रयाला आलेली स्वयंपाकीण एल्बा रामोस आणि तिची कोवळ्या वयाची मुलगी सेलिना यांनाही सोडले नाही. २०२० साली स्पेनमधील न्यायालयाने या प्रकरणी एका माजी कर्नलला १३३ वर्षांची शिक्षा सुनावली.

कॅलिफोर्नियातील सांता क्लारा विद्यापीठ १८५१ साली येशूसंघीयांनी स्थापिले. १९८२ साली एयाकुरिआ यांनी याच विद्यापीठात भाषण केले होते. जवळच सान होजे शहराचा पूर्व भाग, स्थलांतरित कष्टकऱ्यांची वस्ती. १९८० च्या दशकात विद्यापीठाने या वस्तीशी नाते जोडणारा उपक्रम सुरू केला. पुढे त्या कार्याला आरुपे यांचेच नाव लाभले. त्याची रीत साधी आहे. नीतिशास्त्र वा समाजशास्त्र शिकणारा विद्यार्थी आठवड्यातील काही तास एखाद्या शाळेत, वृद्धांच्या केंद्रात किंवा निवाऱ्यात घालवतो, आणि तेथे दिसलेले, खटकलेले वर्गात परत आणतो. असा अनुभव तेथील पदवी अभ्यासक्रमाचाच भाग झाला आहे.

६ ऑक्टोबर २००० रोजी याच सांता क्लारामध्ये आरुपे यांचे उत्तराधिकारी फादर पीटर-हान्स कोल्वेनबाख यांनी या शिक्षणाचे मर्म सांगितले. केवळ कल्पना शिकून माणूस बदलत नाही. दुसऱ्याच्या दुःखाचा प्रत्यक्ष स्पर्श हृदयाला झाला, तर बुद्धीही नवे प्रश्न विचारू लागते.

येथे एक धोका आहे. सेवेच्या नोंदवहीत तास भरले, प्रमाणपत्र मिळाले, विद्यार्थ्याला समाधान वाटले, आणि वस्ती होती तशीच राहिली, तर कोणी कोणाचा उपयोग केला? म्हणूनच सेवेनंतरचे चिंतन आम्हाला सेवेइतकेच मोलाचे वाटते. हा माणूस उपाशी का, हे न विचारता दिलेली भाकरी भूक भागवते, पण विद्यापीठाचे काम तेथे संपत नाही. आपली मुले पदव्या घेऊन घरी येतात, तेव्हा नोकरी कोणती, हे आपण लगेच विचारतो. शिकताना कोण भेटले, हेही विचारायला हवे.

सांता क्लाराच्या मिशन चर्चसमोर आठ पांढरे क्रूस उभे आहेत. सहा धर्मगुरूंचे, एक स्वयंपाकिणीचा, एक तिच्या लेकीचा. वर्गाकडे जाणाऱ्या तरुणांसमोर ते उभे असतात.