कट्टा आणि कट्टे : म्हैसूरच्या निसर्गस्थळांतील विसाव्याची कथा

म्हैसुरास नव्याने आलेल्या मराठी माणसाला जे कानडी शब्द पहिल्या दिवसापासून परके वाटत नाहीत, त्यांत ‘कट्टे’ हा एक होय. पिंपळाभोवती बांधलेल्या ज्या ओट्यास आपण पार म्हणतो, त्यास येथे अरळीकट्टे म्हणतात. आपल्या गप्पांचा कट्टा तर त्याचा सख्खा भाऊच शोभतो. परंतु कानडीत या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. पाणी अडविण्यासाठी घातलेला बांध, तोही कट्टेच. कृष्णराजसागराच्या धरणाला या भागातील लोक कन्नंबाडी कट्टे म्हणतात. (या धरणाचे काम १९११ साली सुरू झाले, तेव्हा संस्थानचे दिवाण तंजावरच्या मराठी घराण्यातील टी. आनंदराव हे होते, हे आपण मराठी जनांनी स्मरणात ठेवावे.) बसावयाचा ओटा आणि पाण्याचा बांध यांना एकच नाव असावे, यात म्हैसूरच्या इतिहासाचे एक मर्म साठलेले आहे. येथील कित्येक रम्य निसर्गस्थळे माणसाने घातलेल्या बांधांतूनच निर्माण झाली. तेथे येणाऱ्यांच्या विसाव्याची सोयही माणसानेच करावयाची. मात्र ती किती असावी व कोठे थांबावी, हा प्रश्न प्रत्येक पिढीला नव्याने सोडवावा लागला आहे.

प्रथम चामुंडी टेकडीकडे वळू. १६५९ ते १६७३ या काळात राज्य करणाऱ्या दोड्ड देवराज वडियारांनी टेकडीवर जाण्यासाठी सुमारे एक हजार पायऱ्यांची वाट केली, आणि सातशेव्या पायरीच्या सुमारास एकाच शिळेतून कोरलेला भव्य नंदी उभा केला. चढून दमलेला यात्रेकरू नंदीपाशी टेकतो, घाम पुसतो, खाली पसरलेले नगर पाहतो व पुन्हा चालू लागतो. श्रद्धेचे स्थान आणि विसाव्याचे स्थान येथे एक झाले आहे. पुण्याच्या पर्वतीची चढण ज्यांच्या पायांना ठाऊक आहे, त्यांना या रचनेतील शहाणपण निराळे सांगावयास नको.

कुक्करहळ्ळीचे तळे त्यामानाने अलीकडचे. ते १८६४ साली तिसऱ्या कृष्णराज वडियारांनी बांधविले ते शेतीच्या पाण्यासाठी. फिरावयास येणाऱ्यांचा विचार त्यात नव्हता. पुढे काठावर झाडी वाढली, पाणपक्षी आले आणि त्यांच्यामागून माणसे आली. शेजारच्या विद्यापीठ-परिसराला ‘मानसगंगोत्री’ हे नाव देणारे कविवर्य कुवेंपु येथे फिरावयास येत. इंग्रजी कादंबरीकार आर. के. नारायण यांनाही या तळ्याचा लळा होता. त्यांना लागणारी सोय म्हणजे बांधावरची पायवाट आणि झाडाची सावली, एवढीच.

पुढे शहर वाढले. दिवाण पूर्णय्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ज्या जुन्या कालव्यातून पावसाचे पाणी तळ्यात येई, त्यावर जागोजागी अतिक्रमणे झाली. आणि स्वच्छ पाण्याची वाट अडत असतानाच सांडपाण्याला मात्र वाट सापडली. काठावरची फिरती वाट नीट झाली, बाके आली, दिवे आले. परंतु पाण्याचे दुखणे बाकांनी बरे होत नाही. आधी बांध आणि मग ओटा, हा ‘कट्टे’ शब्दातील क्रम उलटला की काय होते, ते या तळ्याने आपणांस दाखविले आहे.

कारंजी तळ्याची कहाणी थोडी अधिक सुखाची आहे. १८९२ साली स्थापन झालेल्या म्हैसूरच्या प्राणिसंग्रहालयाकडे हे तळे १९७६ साली आले. सांडपाण्याने तेही एकदा नासले होते; परंतु त्याचे पुनरुज्जीवन झाले. आज तेथे पायवाट आहे, नौकाविहार आहे, पक्षी न्याहाळण्यासाठी मनोरा आहे, फुलपाखरांचे उद्यान आहे आणि आत शिरून हिंडता येईल असा प्रचंड पक्षिगृहाचा पिंजराही आहे. काठावर १९९५ पासून निसर्गेतिहासाचे प्रादेशिक संग्रहालय आहे. मुलाबाळांसह जाणाऱ्या कुटुंबास याहून अधिक काय हवे? आणि तरीही, रविवारच्या गर्दीत पाण्यावरचे पक्षी आपणांपासून किती दूर सरकतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला सोयींची किंमत कळते.

या बाबतीत सर्वांत शहाणा धडा शहराबाहेर, श्रीरंगपट्टणजवळच्या रंगनतिट्टूने दिला. सतराव्या शतकात कावेरीवर बांध घातला गेला, त्यातून तेथील बेटे तयार झाली. म्हणजे पुन्हा कट्टेच! पक्षितज्ज्ञ सलीम अली यांच्या आग्रहाने १९४० साली त्यांस अभयारण्याचा दर्जा मिळाला, आणि २०२२ साली रामसर यादीत त्यांचा समावेश होऊन जगानेही त्यांचे महत्त्व मान्य केले. येथे उपाहार, स्वच्छतागृह, सावली या साऱ्या सोयी अलीकडच्या तीरावर आहेत. पक्ष्यांपाशी जावयाचे ते नावेतून, आणि बेटावर न उतरताच परतावयाचे. पाहुण्याने ओसरीवर बसावे, माजघरात शिरू नये, ही आपल्याकडची जुनी रीत येथे आपोआप पाळली जाते.

सोयी नकोतच, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह, उन्हापावसात क्षणभर टेकावयास निवारा, ही चैन नव्हे. त्यांच्यावाचून स्त्रिया, वृद्ध व लहान मुले निसर्गाला पारखी होतात. प्रश्न आहे तो मर्यादेचा. २०२१ साली अतिवृष्टीने चामुंडीवरील नंदीकडे जाणारा रस्ता खचला. त्यानंतर २०२२ साली टेकडीवर रज्जुमार्ग बांधण्याची घोषणा झाली. नागरिकांनी तीव्र विरोध केला आणि त्याच वर्षी तो बेत सोडून देण्यात आला. टेकडी सोसेल तितकेच बांधावे, हे सामान्य म्हैसूरकरांनी राज्यकर्त्यांना सांगितले, आणि ते ऐकले गेले.

आपणही या नगरीत पाहुणे म्हणून आलो व येथलेच झालो. कार्तिकात आवळीच्या सावलीत पंगत मांडणाऱ्या समाजाला, उठताना जागा झाडून घ्यावी आणि झाडाची फांदी मोडू नये, हे शिकवावे लागत नाही. सुवर्णमहोत्सवी वर्षात आपण सारे पुन्हा वनभोजनास जाऊ, तेव्हा बाकांची संख्या मोजण्याआधी मुलांना बांधावर नेऊन पाणी दाखवावे. ते स्वच्छ असेल, तर बसावयास कट्टा कोठेही सापडेल.