धोंडा आडवा आला तेव्हा

१९१७ साली आलेला हेन्री फोर्डचा फोर्डसन ट्रॅक्टर स्वस्त होता, पण त्याला एक वाईट खोड होती. मागचा नांगर जमिनीतल्या धोंड्यात किंवा मुळात अडकला, की मागची चाकं घट्ट रुतत, पुढची वर उचलली जात आणि ट्रॅक्टर चालकाच्याच अंगावर उलटे. कित्येकांनी त्यात जीव गमावला.

यावरचा सर्वांत नामी उपाय आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनचा. त्याने नांगर तीन दांड्यांनी ट्रॅक्टरला जोडला: दोन खाली, एक वर. नांगर अडला, की वरचा दांडा ट्रॅक्टरला पुढे रेटतो आणि पुढची चाकं जमिनीलाच टेकून राहतात. अवजार उचलायचं ते तेलाच्या दाबावर.

१९३८ मध्ये फोर्डशी त्याचा करार झाला तो नुसत्या हस्तांदोलनावर. पुढे प्रकरण कोर्टात गेलं, यात नवल ते काय! १९४६ ते १९५६ या काळात कोव्हेंट्रीत फर्ग्युसनचे पाच लाखांहून अधिक छोटे, करडे ट्रॅक्टर तयार झाले.

ही जोडणी आज आपल्याकडच्या ट्रॅक्टरलाही असते. मात्र खुंट उपटताना साखळी वरच्या दांड्याला कधीही बांधू नका. ती आसाच्या खाली, ड्रॉबारलाच अडकवा.